धुऱ्यावरून घेतलेली मापं

शालू,

तुझ्या शोकसभेत तीन जणांनी तुला निसर्गप्रेमी म्हटलं. चौथे गृहस्थ बोलायला उठले तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तो शब्द कानावर पडला की तू काय म्हणायचीस ते मला आठवत होतं, आणि त्या सभेत हसू फुटलं असतं तर ते कोणाला समजावून सांगता आलं नसतं. "प्रेम-बिम काही नाई वं, मी त्याले दोरीनं मोजतो फक्त." अकोटला तुझ्या कॉलेजात एका बड्या पाहुण्यांच्या तोंडावर तू हे म्हणाली होतीस. प्राचार्य बराच वेळ चहाच्या कपात बघत बसले होते.

सभेत मीही बोलले. चार मुद्दे कागदावर लिहून नेले होते: तुझं शिकवणं, तुझी चिकाटी, आपली मैत्री, आणि चौथा. पहिले तीन बोलले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. तसं काही नव्हतं. चौथा मुद्दा बोलायची हिंमत झाली नाही. तो असा होता: आपल्या अहवालातली चूक माझी होती, आणि मी ती तुझ्या नावावर लिहिली.

तोच आता इथं लिहिते आहे. तू वाचणार नाहीस म्हणून हे सोपं असेल, असं कोणी समजू नये.

अमरावतीच्या होस्टेलपासून सुरू करते, कारण आपला विषय मला तिथंच पहिल्यांदा कळला. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. मेसच्या मावशी आठवड्यातले पाच दिवस वांगी करायच्या. सरांनी वर्गात विचारलं, एखादा प्राणी एका जागी जास्त वेळा दिसला, तर त्याला ती जागा आवडते असं म्हणता येईल का? वर्ग म्हणाला, हो. तू मागच्या बाकावरून म्हणालीस, "सर, आमी पोरी होस्टेलात रोज वांगे खातो. आमाले वांगे लय आवडते असं लिहून टाका मंग." वर्ग हसला. सर फळ्याकडे वळले आणि त्यांनी दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'वापरलं', दुसऱ्यावर 'उपलब्ध होतं'. ताटात काय पडलं ते मोजण्याआधी समोर काय काय वाढून ठेवलं होतं ते मोजा, म्हणाले. दुसरा रकाना चुकला तर पहिल्याला अर्थ राहत नाही.

ते दोन रकाने मी वहीत उतरवून घेतले. तू काहीच उतरवलं नाहीस. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात माझी वही मागायला आलीस तेव्हा दारातूनच म्हणालीस, "यादीबाई, हाये का घरात?" ते नाव मग मला पंचवीस वर्षं चिकटलं. तू सोडून कोणी ते उच्चारलं नाही, आणि आता कोणी उच्चारणारही नाही.

काळवीटांचं काम आपल्याकडे आलं तेव्हा तू अकोटला प्राणिशास्त्र शिकवत होतीस आणि मी अमरावतीच्या एका छोट्या संस्थेत सर्वेक्षणांची जुळवाजुळव करत होते. प्रश्न साधा होता. अकोटच्या खालच्या अंगाला सगळी काळी कसदार जमीन, हरभरा, कपाशी, मध्ये मध्ये संत्र्याच्या बागा. गावांच्या बाहेर ई-क्लासचे माळ उरलेले, म्हणजे सरकारी गायरान, ज्यावर गवताशिवाय काही नाही. काळवीटांचे कळप त्या माळांवर दिसत होते. ते माळ त्यांना खरोखर हवेच असतात, की ते कुठेही चालवून घेतात, एवढं आपण सांगायचं होतं.

पहिला रकाना मजेचा. पहाटे जायचं, दुर्बीण लावायची, कळप दिसला की जागा नोंदवायची. फोटो त्याचेच निघतात. दुसरा रकाना म्हणजे संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढून दिलेली एकशे वीस ठिकाणं. तिथं हरण नसतं, बघायला काही नसतं. फोनवर ठिकाण शोधत जायचं, मधोमध खुंटी ठोकायची, दोरीने गोल आखायचा आणि त्या गोलात जे असेल ते लिहायचं: गवत किती उंच, पीक कोणतं, पाणी किती लांब, रस्ता किती लांब. तुला हाच रकाना आवडायचा. "जनावर नसलेल्या जागेकडं कोणी पाह्यतच नाई," म्हणायचीस.

त्याआधी आपलं नकाशावरून भांडण झालं होतं. मी ऑफिसच्या फरशीवर नकाशा पसरून अभ्यासक्षेत्राचा व्यवस्थित चौकोन आखला होता. वरची बाजू मेळघाटच्या पायथ्यात जात होती.

"हे काय होय?" तू विचारलंस.

"अभ्यासक्षेत्र."

"हरण डोंगरात जाते का?"

"जात नाही. पण तिथं गवत आहे ना. उपलब्ध आहे."

"हाये. पण त्याले भेटते का? हाये अन् भेटते, यात फरक हाये, सुमन." तू खाली बसलीस, माझ्या हातातलं रबर घेतलंस. "माह्या मायच्या गावात शाळा होती. होती म्हणजे तिले भेटली का?"

आपल्याकडे दुकानात साखर 'भेटते', गाडीत जागा 'भेटते'. पुण्याची माणसं या शब्दाला हसतात. पण 'उपलब्ध' या शब्दाचा इतका नेमका अर्थ मला त्याआधी कोणी सांगितला नव्हता. चौकोनाची वरची बाजू तू खोडलीस आणि मी नवी यादी केली. त्या दिवशी मी ऐकलं. हे लिहून ठेवते, म्हणजे मी कधीच ऐकत नव्हते असं होणार नाही.

मोजणीच्या तिसऱ्या दिवशी मी ऐकलं नाही.

मी तुझ्यासोबत शेतावर आले होते, कामाचा वेग बघायला. ठिकाण उभ्या हरभऱ्यात पडलं होतं, धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, वीसेक पावलं आत. घाटे धरायला लागले होते. तू चप्पल काढून आत निघालीस आणि मी तुझा दंड धरला. "थांब. उभ्या पिकात पाय घालायचा नाही. धुऱ्यावरून माप घे."

चांदूर बाजारला आमच्या घरी हा नियमच होता. दुसऱ्याच्या पिकातून गेलो म्हणून बाबांनी माझ्या भावाला आख्खी दुपार धुऱ्यावर उन्हात बसवलं होतं. मला त्यात काही चूक वाटत नव्हतं. आजही वाटत नाही, एवढं कबूल करते.

तू म्हणालीस, "धुऱ्यावर त गवतच असते वं."

"वीस पावलांचा फरक आहे."

"पावलाचा नाई. धुऱ्यावर नांगर जात नाई, म्हणून तिथं गवत. ठिकाण पिकात पडलं, पीक लिहा लागते."

"शालू, कोणाच्या पोटावर पाय देऊन मला माप नको."

मग तू माझ्याकडे बघितलंस. आवाज चढवला नाहीस. "माह्या मायनं वीस वर्षं लोकाच्या उभ्या पिकात निंदण केलं. तिले कोणी नाई म्हटलं, का बाई, पिकात पाय नको घालू, धुऱ्यावर बैस."

"आता हे मध्ये आणू नको."

"मी नाई आणलं. थे तिथंच होतं."

आणि तू धुऱ्यावर खुंटी ठोकलीस. संपलं. मी समन्वयक होते, वेळापत्रक माझं होतं. त्यानंतर जिथं जिथं उभं पीक आडवं आलं, जिथं संत्र्याच्या बागेला कुलूप किंवा तारेला झटका होता, तिथं आपण जवळच्या धुऱ्यावर किंवा पांदणीच्या, म्हणजे शेतरस्त्याच्या, कडेला गोल आखला. एकशे वीसपैकी एकतीस ठिकाणी. माझ्या तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना होता: 'जागा बदलली.' कारण: 'पीक उभे.' एकतीस वेळा मी ते स्वच्छ अक्षरात लिहिलं. तक्ता इतका नीटनेटका होता की त्यात काही चुकीचं असेल असं मनातही आलं नाही.

त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे, पण हे इतरही वाचतील म्हणून सांगते. त्या एकतीस ठिकाणी आपण गवत लिहिलं. खरं तिथं हरभरा होता, पऱ्हाटी म्हणजे कपाशी होती, बाग होती. त्यामुळे कागदावर तो सगळा प्रदेश गवताळ झाला. आणि गवत जर सगळीकडेच असेल, तर कळप गवतात दिसला यात विशेष काय? अहवालात माझं वाक्य गेलं: 'या प्रदेशात काळवीट गवताळ जमिनीची विशेष निवड करताना आढळत नाही.' म्हणजे माळ गेला तरी हरणांचं काही बिघडत नाही. ज्या ताटात ते शोधत शोधत एकाच घासापाशी जात होते, ते ताट आपण तोच घास भरभरून वाढलेलं दाखवलं.

अहवाल तपासणाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता: एकतीस जागा का बदलल्या? मी उत्तर लिहिलं: 'क्षेत्र-सहायकांनी सोयीसाठी काही ठिकाणी जवळची जागा घेतली.' तुला न दाखवता पाठवलं. घाई होती. घाई नसती तरी दाखवलं नसतं.

छापील प्रत पोचली त्या दिवशी तुझा फोन आला. "सुमन, हा क्षेत्र-सहायक कोण हाये वं? एवढे दिवस सोबत होता, अन् मले एकदाही दिसला नाई."

"अहवालाची भाषा असते ती, शालू."

फोनवर तुझ्या घरातला कुकर ऐकू आला. "बरं," म्हणालीस.

डॉक्टरेट केलेली बाई तू. अर्धं काम तुझ्या नावावर. तुला मी सहायक केलं, तेही अनेकवचनात, म्हणजे बोट नेमकं कोणाकडे आहे ते कळू नये. पण गेले काही आठवडे मला दुसरंच सुचतं आहे. माझ्या हातून तो शब्द इतक्या सहज कसा उतरला? चांदूर बाजारच्या शेतात आमच्या घरची माणसं धुऱ्यावर उभी असायची आणि पिकात वाकलेल्या बायका दुसऱ्या असायच्या. तू ते तोंडावर सांगितलं होतंस. मी ते 'मध्ये आणू नको' म्हणून बाजूला सारलं, आणि सहा महिन्यांनी स्वतःच लिहून छापलं.

पुढच्या थंडीत गावाबाहेरच्या सगळ्यात मोठ्या माळावर गोदामं बांधायचा प्रस्ताव आला. त्याला जोडलेल्या कागदांत माझं वाक्य होतं. तू पुन्हा फोन केलास. पहिल्यांदा तब्येत विचारलीस, माझ्या मुलीचं विचारलंस, मग म्हणालीस, "चाल, थे एकतीस ठिकाणं परत करू. दहा दिवसाचं काम हाये."

मी काय म्हणाले ते शब्दशः लिहिते. मी म्हणाले, "माझ्याकडे त्या कामापुढे पूर्ण झाल्याची खूण आहे."

"खूण पूस मंग."

"शालू, आता नाही."

"आता नाई त कधी?" म्हणालीस. मी फोन ठेवला. आपलं शेवटचं बोलणं ते. नंतर दिवाळीला मी सगळ्यांना पाठवते तो निरोप तुलाही पाठवला, आणि तू सगळ्यांना पाठवतेस तसे जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलंस.

तू आजारी आहेस हे मला कोणी सांगितलं नाही. तूही नाही. याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही, आणि माफ करायचा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही हेही मला माहीत आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

अकोल्याला तुमच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना संपली, माणसं जेवायला बसली, तेव्हा तुझा भाऊ मिलिंद मला आतल्या खोलीत घेऊन गेला. त्याने एक शाळकरी वही माझ्या हातात दिली. "ताईनं म्हटलं होतं, सुमनताईले देजो."

मी उघडली. एकतीस ठिकाणं. सगळी. ज्या थंडीत मी फोन ठेवला, त्याच थंडीत तू एकटीने केलेली.

"डॉक्टरनं चालू नको म्हटलं होतं तिले," मिलिंद म्हणाला. "थे म्हणे, एकतीसच हायेत." मग माझ्याकडे न बघता, "तुमाले फोन लावला होता म्हणे तिनं."

"हो," मी म्हणाले.

"जेवून घ्या," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत, दर्यापूरच्या आधी कुठेतरी, मी वही नीट वाचली. तुझं अक्षर नेहमीसारखं भयानक. प्रत्येक ठिकाणापुढे माप, आणि मापाखाली एक ओळ. 'मालकाला विचारलं. जा म्हणाला.' 'विचारलं. बाईने बोरं दिली.' 'बागेचं कुलूप. विचारलं. किल्ली आणून दिली.' 'विचारलं. आधी चिडला, मग स्वतः आत घेऊन गेला, कुठं पाय ठेवायचा ते दाखवलं.' 'दम लागला. अकराला बसले. साडेबाराला उठले. विचारलं. हो.' जवळजवळ प्रत्येक पानावर तोच शब्द. विचारलं.

मी कोणालाही विचारलं नव्हतं, शालू. एकाही मालकाला नाही. माझ्या यादीत सतरा कामं होती आणि त्यात 'विचारणे' नव्हतं, कारण त्याला वेळ लागतो. उभ्या पिकाचा एवढा मान राखणारी मी, पिकाच्या मालकाशी एक शब्द बोलले नव्हते. त्याला मी सभ्यता समजत होते. तू विचारलंस आणि आत गेलीस. एवढंच करायचं होतं. तू त्या दिवशी धुऱ्यावर मला एवढंच का सांगितलं नाहीस? मायची गोष्ट सांगितलीस, मला लाजवलंस, पण 'चाल, मालकाले विचारू' हे तीन शब्द का नाही म्हणालीस? मला वाटतं तुला बघायचं होतं, मला सुचतं का. मला सुचलं नाही. आणि तू वाट बघत राहिलीस, तुझ्या त्या 'बरं'सारखी. माणसाला परीक्षेला बसवून उत्तर न सांगता निघून जायची तुझी सवय वाईट होती. हे मी तू असतानाही म्हणाले होते, आता पुन्हा म्हणते.

नंतर कळलं की माळाबद्दलची हरकतही तू नोंदवून गेली होतीस. सुनावणीची सूचना तुझ्या नावे अकोल्याला आणि अहवालाची लेखिका म्हणून मला अमरावतीला आली. तू हरकतीत लिहिलं होतंस: 'ही मापे आम्ही धुऱ्यावरून घेतली, ती चुकीची होती.' आम्ही. मी तुला क्षेत्र-सहायक केलं आणि तू मला 'आम्ही'त घेतलंस. तुझ्या सगळ्या गोष्टींत त्या एका शब्दाचा मला सगळ्यात जास्त राग आला. मला सरळ दोष दिला असतास तर मी निदान भांडले असते.

तालुक्याच्या कचेरीत सुनावणी झाली. अधिकारी माझ्याहून वयाने लहान, शांत बाई. गोदामवाल्यांकडून आलेले गृहस्थ फार नम्र होते. त्यांनी माझाच अहवाल उघडून माझंच वाक्य वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, हे आपणच लिहिलं आहे."

"मीच लिहिलं आहे. ते चूक आहे," मी म्हणाले.

खोलीतला पंखा खूप आवाज करत होता, म्हणून बाईंनी पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. धुऱ्यावरून माप घ्यायला मी सांगितलं होतं. शालिनीताईंनी तिथंच, त्याच क्षणी विरोध केला होता. क्षेत्र-सहायक असं कोणी नव्हतं. माझा चौथा मुद्दा अखेर त्या खोलीत बोलून झाला. ऐकणारे पाच जण होते आणि त्यातल्या एकानेही तुला कधी पाहिलं नव्हतं.

मी वही पुढे केली. बाईंनी पानं उलटली, 'बोरं दिली'पाशी किंचित थांबल्या. "ही मोजणी कोणी केली?"

"त्यांनीच."

"त्यांना पुढच्या तारखेला आणता येईल?"

"त्या वारल्या."

त्यांनी मान खाली घातली. पण कागद कागदाच्या जागी. कारकुनाने शेरा लिहिला आणि मला वाचून दाखवला: 'मोजणी करणारी व्यक्ती उपलब्ध नाही.' मला तिथं ओरडावंसं वाटलं. मी सही केली. बाई म्हणाल्या, "तुम्ही स्वतः ती ठिकाणं मोजून आणली, तर मी ती आणि ही वही दोन्ही समोर ठेवून निर्णय देईन. महिनाअखेरपर्यंत वेळ देते. तोवर माळाला कोणी हात लावणार नाही."

मी संस्थेत रजा टाकली. खुंटी, दोरी, टेप, वही, पाण्याच्या दोन बाटल्या, गुडघ्याचा पट्टा. अकोटला तुझ्या कॉलेजजवळ खोली घेतली. पहिल्या ठिकाणी मालक मोटर सुरू करत होते. त्यांना विचारायला माझं तोंडच उघडेना. आयुष्यभर लोकांकडून कामं करून घेतलेली मी, एका अनोळखी माणसासमोर शाळकरी मुलीसारखी उभी.

"काय पाह्यजे, बाई?"

"तुमच्या हरभऱ्यात जायचं आहे. मोजायला."

"हरणं मोजता का?"

"हरणं नसलेली जागा मोजते."

त्यांनी मोटरचा खटका दाबला. "मागच्या साली एक बाई आल्ती. तिनंबी असंच म्हटलं. तुमाले दुसरं काम नाई का?" मग म्हणाले, "जा. पण सरीतून जाजा."

मी सरीतून गेले. हरभऱ्याची आंब पायाला लागून खाज सुटली. गोल आखला. गोलात हरभरा, हरभरा, हरभरा. धुरा तिथून दिसत होता, गवताने भरलेला, जिथं आपण दोघी उभ्या होतो.

एका ठिकाणी शिव्या खाल्ल्या. एका ठिकाणी कुत्रं मागे लागलं. एका आजींनी विचारलं, "थ्या बाईची बहीण होय का तुमी?" मी आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले. दोन्हीपैकी कुठलं खोटं होतं ते मला ठरवता आलं नाही.

अकरा दिवसांत एकतीस झाली. रोज दुपारी खोलीवर येऊन तुझं पान आणि माझं पान शेजारी ठेवायचे. तीस ठिकाणं जुळली. तुझा हरभरा, माझा हरभरा. तुझी बाग, माझी बाग. काही ठिकाणी पीक बदललंय, पण पीक ते पीक. त्या मापांनी हिशेब पुन्हा केला. गवत कागदावर होतं त्याहून खूप कमी आहे, आणि कळप ते शोधून त्यातच उभे राहतात. माळ त्यांना हवाच असतो. तू धुऱ्यावर हेच सांगत होतीस.

जुळत नाही ते अठ्ठ्याऐंशी नंबरचं. तू लिहिलंस: 'विचारलं. पडीक. गवत गुडघ्याएवढं.' मला तिथं हरभरा भेटला, चांगला दाट. मालकांना विचारलं तर म्हणाले, "चार सालापासून इथं हरभराच हाये." त्यांची बायको आतून म्हणाली, "काहून खोटं बोलता? मागच्या साली तुमचा पाय मोडला होता, पडीकच होतं." "माहा पाय त्याच्या आधीच्या साली मोडला." "मले शिकवू नका, दवाखान्यात मी होती." ते दोघं भांडत राहिले. मी बाजेवर बसून ऐकत राहिले. निकाल लागला नाही.

आता हे ऐक. माझं माप आपल्या बाजूचं आहे. तुझं आपल्या विरुद्ध. गवत जितकं कमी निघेल तितका माळ वाचायची शक्यता जास्त, आणि तू स्वतःच्याच म्हणण्याविरुद्ध, आजारी, एकटी, कोणी तपासणारं नसताना, तिथं गवत लिहून ठेवलंस. ते खोडणं सोपं आहे. बाई गेल्या, थकलेल्या होत्या, जागा चुकली असेल. मी असं एक वाक्य लिहूनही बघितलं. ते अगदी अहवालाच्या भाषेत बसतं. मग फाडून टाकलं.

दोन्ही मापं लिहिली आहेत, तुझ्यापुढे तुझं पूर्ण नाव, माझ्यापुढे माझं. तू त्या शेतात चुकीच्या बाजूने शिरलीस असं माझं मत आहे. पूर्वेकडची पट्टी पडीक असते, ते मी पाहिलं. तू असतीस तर मान्य केलं नसतंस, मला माहीत आहे.

सोमवारी अकरा वाजता सुनावणी आहे. माळाचं काय होईल सांगता येत नाही. अठ्ठ्याऐंशीबद्दल विचारलं, तर मी सांगणार आहे की त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

सुमन